सुगराचा मातीचा वजू

तर काय झालं एकदा, पोहरा विहिरीत पडला तो डुबुक म्हणालाच नाही. खट्ट म्हणाला. सुगरा एवढी दचकली की दोरच सुटला हातातून!

ही सुगरा कोण? माळावरच्या गावात विहिरी खणणारे चाँदभाई होते ना, त्यांची लेक. भित्री, बरं का. पाल चुकचुकली तरी दादीच्या पदराआड. पण पाच वेळची नमाज कधी चुकवायची नाही. तिला वाटायचं, नमाज पढली की वाईट काही घराकडे फिरकतच नाही.

आणि तरी विहीर आटली. मग शेळी आटली, थेंबभर दूध देईना. मग अब्बा घरामागची ती विहीर आणखी खोल करायला उतरले, आणि एका दुपारी दरड धाडकन आत कोसळली. अब्बा आतच!

सगळा गाव फावडी घेऊन धावला. माती उपसतायत, उपसतायत, संपतच नाही. सुगरा उंबऱ्यावर बसलेली, तोंड पांढरंफटक.

दादी म्हणाली, "ऊठ गं, नमाजेची वेळ झाली."

"वजूला, नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी कुठंय, दादी? तीन दिवस मी पढलेच नाही. म्हणूनच अल्लाह रागावला. म्हणूनच अब्बा..."

"आणि मला विचारलंस का एकदा तरी? वेडी! तुझ्या नमाजेवाचून त्याचं काय अडलंय? नमाज आपल्याला लागते. आणि संकटं तर नबींवर, पैगंबरांवरही आली. ती काय रागानं आली होती?"

मग दादीनं तिला अंगणात नेलं. "पाणी नाही तर माती चालते. त्यानंच सोय ठेवलीय. टेकव तळवे. फिरव तोंडावरून. आता हातांवरून. झाला वजू."

"मग अब्बा निघतील?"

"ते मला नाही ठाऊक, बाळ. पण थरथरायचंच आहे, तर त्याच्यापुढं उभी राहून थरथर."

मग सुगरा उभी राहिली. वाकली. कपाळ भुईला टेकवलं, आणि केवढी दचकली! भुईखाली टक. टक. टक.

खाली अब्बाच ठोकत होते! पण नमाज अर्धी, काय करावं? दादीच ओरडली, "काय झालं? जीव वाचत असेल तर मोड नि पळ!"

सुगरा पळाली. "तिकडं नाही, अंगणाच्या बाजूला खणा! अब्बांनी झऱ्याच्या मागावर आडवं खणलंय, भुईखालून टकटक येतेय!"

पाटील म्हणाले, "अगं, सरड्याला बघून झाडावर चढणारी तू, आम्हाला शिकवतेस?" पण खणलं, बरं का. हातभर भोक पडलं. आत जायला वाट अरुंद, मोठं माणूस मावेना. मग कमरेला दोर बांधून सुगराच उतरली. काळोखात!

तिनं हाक मारली, "अब्बाऽऽ!" काही नाही. पुन्हा मारली. नुसती माती घसरली. तरी तिसऱ्यांदा मारली.

मग आतून चिखलानं भरलेला, चिडका आवाज आला, "अगं आहे, आहे! लवकर काढा मला, इथं गुडघाभर पाणी लागलंय!"

झालं. भोक मोठं करून अब्बांना वर काढलं. अब्बाही मिळाले, पाणीही मिळालं. सगळा गाव पोटभर प्याला आणि सुखानं राहिला. चला, आता कुशीवर वळा आणि मिटा डोळे.