शिकाऊ पाहिजे, शिकून यावे

जांभळीच्या ढोलीत चिंगी खार राहत असे. जांभळीखाली तुळस. तुळशीपाशी एक पणती.

चिंगीने शेपूट हलवले. टक्! पणती फुटली.

"अगबाई! तुळशीचे लग्न आठ दिवसांवर आले. आता दिवा कशात लावू?"

टुणुक टुणुक, चिंगी धोंडू कुंभाराकडे गेली. चाक उभे होते. कुंभार आडवा होता. दारावर पाटी होती: 'शिकाऊ पाहिजे. शिकून यावे.'

"कुंभारकाका, पणती द्या."

"हरी हरी! चाक फिरवायला हात नाहीत. हल्लीच्या पोरांना काम नको!"

"मी फिरवते. मला शिकवा."

"तुला येते का?"

"नाही."

"मग आधी सुताराकडे शिकून ये. मग मी शिकवीन."

टुणुक टुणुक, चिंगी विसू सुताराकडे गेली. करवत गप्प होती. सुतार घोरत होता. दारावर तीच पाटी.

"सुतारकाका, सुतारकाका,
सुतार शिकवील, तर कुंभार शिकवील.
कुंभार शिकवील, तर पणती होईल.
पणती होईल, तर तुळशीला दिवा लागेल!"

"हरी हरी! करवत ओढायला हात नाहीत. हल्लीच्या पोरांना काम नको!"

"मी ओढते. मला शिकवा."

"तुला येते का?"

"नाही."

"मग आधी लोहाराकडे शिकून ये. मग मी शिकवीन."

टुणुक टुणुक, चिंगी सखा लोहाराकडे गेली. भट्टी थंड होती. लोहार पोथी वाचत डुलत होता. पोथी उलटी होती. दारावर तीच पाटी.

"लोहारकाका, लोहारकाका,
लोहार शिकवील, तर सुतार शिकवील.
सुतार शिकवील, तर कुंभार शिकवील.
कुंभार शिकवील, तर पणती होईल.
पणती होईल, तर तुळशीला दिवा लागेल!"

"हरी हरी! भाता चालवायला हात नाहीत. हल्लीच्या पोरांना काम नको!"

"मी चालवते. मला शिकवा."

"तुला येते का?"

"नाही."

"मग आधी शिंप्याकडे शिकून ये. मग मी शिकवीन."

टुणुक टुणुक, चिंगी मुकुंद शिंप्याकडे गेली. शिंपी सुईत दोरा ओवत होता. दोरा इकडे, सुई तिकडे. दारावर तीच पाटी.

"शिंपीकाका, शिंपीकाका,
शिंपी शिकवील, तर लोहार शिकवील.
लोहार शिकवील, तर सुतार शिकवील.
सुतार शिकवील, तर कुंभार शिकवील.
कुंभार शिकवील, तर पणती होईल.
पणती होईल, तर तुळशीला दिवा लागेल!"

"हरी हरी! दोरा ओवायला नजर नाही. हल्लीच्या पोरांना काम नको!"

"मी ओवते. मला शिकवा."

"तुला येते का?"

"नाही."

"मग आधी कुंभाराकडे शिकून ये. मग मी शिकवीन."

चिंगी निघाली. टुणुक... आणि थांबली.

कुंभार म्हणतो सुतार. सुतार म्हणतो लोहार. लोहार म्हणतो शिंपी. शिंपी म्हणतो कुंभार!

ती गर्रकन वळली. कमरेवर हात ठेवले.

"शिंपीकाका, तुम्ही आईच्या पोटातून सुई घेऊन आलात का?"

शिंपी मिशीत हसला.

"नाही गं बाई. पहिल्या सदऱ्याचा मी गळाच शिवून टाकला होता. आजोबांनी डोके घातले. अडकले!"

"रागावले?"

"हसले. सदरा उसवला. म्हणाले, पुन्हा शिव."

शिंप्याने सुई पुढे केली. "घे. ओव."

एकदा चुकले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा, सुळ्ळकन!

शिंप्याने शिकवले, मग लोहाराने शिकवले. भाता भस्स भस्स!
लोहाराने शिकवले, मग सुताराने शिकवले. करवत खर्र खर्र!
सुताराने शिकवले, मग कुंभाराने शिकवले. चाक गर गर!

चिंगीने पणती घडवली. सुकवली. भाजली.

तुळशीचे लग्न लागले. सारा गाव जमला.

"हिला मी शिकवले!" कुंभार म्हणाला.

"छे, मी!" सुतार म्हणाला.

"हरी हरी! मीच!" लोहार म्हणाला.

शिंपी वात वळत होता.

चिंगीने शेपूट ओल्या मातीत बुडवले. चारही दारांवर टुणुक टुणुक गेली. सर्र! सर्र! सर्र! सर्र! 'शिकून यावे' पुसले गेले. 'शिकाऊ पाहिजे' तेवढे उरले.

मग तिने दिवा लावला. पणती जराशी वाकडी होती. ज्योत मात्र सरळ होती.

तुळशीपुढे दिवा लागला, गोष्टीला शेवट लाभला.