काळ्या खाणीतला पांढरा दगड

कातळवाडी संस्थानात पेन्सिलीसाठी लागणाऱ्या काळ्या ग्रॅफाइटची खाण होती. तिथे खणता खणता एक दिवस पांढराशुभ्र संगमरवर लागला आणि भैरवराजांची झोपच उडाली. या दगडाची किंमत किती?

दिवाण त्र्यंबकराव खाणीत उतरले, नाक मुरडून वर आले.

"कचरा आहे महाराज! नुसत्या काळ्या रेघा. पायरीलासुद्धा कोणी घेणार नाही. पण आपल्याला त्रास नको म्हणून मी स्वखर्चाने उचलून नेतो."

केवढा हा त्याग! एरवी दिवाणसाहेब दरबारातलं पानसुद्धा स्वखर्चाने खात नसत.

राजे हट्टाला पेटले. "मला खरी किंमत हवी! दगड विकायचा नाही, बाहेरचा व्यापारी बोलवायचा नाही, टवकाही काढायचा नाही. उद्यापर्यंत किंमत कळली नाही तर खाण बंद!"

खाणीवरच्या माणसांचे चेहरे उतरले. चूल पेटायची ती याच खाणीवर. तेवढ्यात पाट्या वाहणारी चांगुणा पुढे आली.

"महाराज, मी सांगते."

दिवाण खो खो हसले. "तुला दगडातलं काय कळतं गं?"

"काही नाही बघा. माणसं तेवढी कळतात थोडीफार. महाराज, उद्या सकाळी घटकाभर माझा हुकूम चालू द्या."

राजांना गंमत वाटली. त्यांनी होकार दिला.

सकाळी राजे आणि दिवाण खाणीवर येऊन पाहतात तो दगडाशेजारीच चुन्याची भट्टी धगधगतेय! चांगुणा ओरडली, "दिवाणसाहेबांनी कचरा म्हटलंय ना? मग फोडा, भाजा, चुना करा! घण उचल रे सुभान!"

राजे गरजले, "टवका काढायचा नाही म्हटलं होतं!"

"ते किंमत काढताना, महाराज. आम्ही कचरा काढतोय."

दिवाणांना घाम फुटला. "अगं, लाकूड फुकट जाईल!"

"जाऊ दे की."

"धूर होईल! महाराजांना ठसका लागेल!"

"दिवाणसाहेबांना किती काळजी! मार रे सुभान!"

खाणीवरच्या सुभानने घण डोक्यावर नेला, तसे दिवाण धोतर सावरत दगडाला जाऊन बिलगले.

"थांब मूर्खा! साठ हजारांचा माल आहे! मुंबईच्या शेठनं परवाच मला रोख..."

आणि त्यांनी जीभ चावली. सुभानने घण हळूच खाली ठेवला.

"साठ हजार, महाराज," चांगुणा हात जोडून म्हणाली. "दगड विकला नाही, टवका काढला नाही. आणि बाहेरचा व्यापारी मी नाही बोलावला. तो दिवाणसाहेबांनी आधीच बोलावला होता!"

राजांनी दिवाणांकडे पाहिलं. दगडाला चिकटलेल्या ग्रॅफाइटने दिवाणांचं तोंड काळं झालं होतं, अंगरखा मात्र संगमरवराच्या धुळीने पांढरा! राजे पोट धरून हसले, हसता हसता खाली बसले.

त्याच दिवशी चांगुणा खाणीची मुकादम झाली आणि संगमरवराच्या विक्रीत खाणकामगारांचा वाटा ठरला. दिवाणसाहेबांची तब्येत अचानक बिघडली, आणि राजांनी मोठ्या मनाने त्यांना कायमची रजा दिली.