आवडीचा दांडा

बंदराच्या नाक्यावर सकाळचे आठाचे टोले पडले आणि तेव्हाच हे सगळं सुरू झालं, असं सांगतात. सुरंगवाडीत त्या काळी घड्याळ कुणाकडे नव्हतं, पण नाक्याचे टोले खाडीपर्यंत ऐकू यायचे, म्हणून वेळ पक्की. दिवस पौषातल्या द्वितीयेचा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जो वाळूचा लांब दांडा उघडा पडतो, त्याला तेव्हा नावच नव्हतं.

दांड्यावर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, भरपूर. शेतीची कामं उरकली की बायका मौज म्हणून जायच्या. घोटाभर पाण्यात पायाच्या बोटांनी वाळू चाळवायची, शिंपली टोचली की वाकून उचलायची, आणि तोंडाने गप्पा चालूच.

आवडी घाटावरून लग्न होऊन आलेली. नवरा गलबतावर, घरात सासू आणि पाच महिन्यांची मुलगी. दीड वर्ष झालं तरी गावात तिला सगळ्या 'घाटावरची' म्हणायच्या. तिला समुद्राचं भय वाटायचं, आणि घरातल्या शांततेचं त्याहून जास्त.

शेवटी सासूनेच तिला पाठवली. "किती दिवस दारात बसशील? मुलीला मी बघते. तुला पाण्याचं कळायचं नाही, तेवढं एक लक्षात ठेव. निघताना बायका नावाने हाका मारतात. तुझी हाक आली की लगेच फीर."

दांड्यावर पाच जणी होत्या. द्वारका त्यांच्यात तोंडाळ. "काय गो, तुमच्या घाटावर तिसऱ्या झाडाला लागतात काय?" सगळ्या हसल्या. आवडीही हसली, आणि जरा लांब, टोकाकडे जाऊन वेचू लागली. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे.

समुद्र शांत दिसत होता. पण त्या दांड्याची खोड अशी की भरती समोरून येत नाही. ती आधी पाठीमागे, दांडा आणि किनारा यांच्या मधल्या सखलात गुपचूप भरते. गावच्या बायकांना ते माहीत. आठाचे टोले पडले तशी द्वारकेने हाका सुरू केल्या. "रेशम गो! सुभद्रा! चंपे, चल आता! मथुरे!" चौघींचे 'ओ' आले.

आवडी वाकलेलीच होती. आता आपलं नाव येईल म्हणून ती कान देऊन राहिली. आपणहून मागे लागलो तर पुन्हा हसतील. नाव काही आलं नाही. ते कुणाला माहीतच नव्हतं. तिने वळून पाहिलं तेव्हा बायका किनाऱ्याला लागल्या होत्या आणि मधे पुरुषभर पाणी होतं. ती ओरडली. वारा समोरचा होता.

घरी मुलगी भुकेने रडून रडून निळी पडली. सासू तिला काखेत घेऊन दारोदार फिरली. "माझी सून कुठाय?"

"कोण, घाटावरची?" द्वारका म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला. "आत्ये, तिचं नाव काय?"

"आवडी."

पाचही जणी धावल्या, मागोमाग मुलीला घेऊन सासूही. किनाऱ्यावर उभ्या राहून तेच एक नाव ओरडत राहिल्या. त्या ओरडत होत्या तोवर भरती अडून राहिली, म्हणे, आणि दांड्याचं टोक बुडालं नाही. पण टोकावर कुणी नव्हतं. वाळूत नुसती पावलं दिसत होती, पाण्याच्या कडेपर्यंत आलेली, मागे फिरलेली, पुन्हा आलेली.

द्वारकेचं मूल तेव्हा अंगावर पिणारं होतं. तिने तिथेच वाळूत बसून आवडीच्या मुलीला पदराखाली घेतलं आणि खाडीला सांगितलं, "यापुढे नाव विचारल्याशिवाय कुणी उतरायची नाही. आणि ओ आल्याशिवाय कुणी घरी जायची नाही." ती मुलगी तिच्याच दुधावर वाढली.

आजही ओहोटी फिरली की दांड्यावर हाका सुरू होतात. सगळ्यांचे ओ आले की शेवटची हाक असते, "आवडी गो!" तिला ओ येत नाही. बायका थोडा वेळ थांबतात आणि मग निघतात.

तुम्ही मौजेने तिसऱ्या काढायला आलात, तर उतरण्याआधी शेजारच्या बाईला आपलं नाव सांगा, तिचं विचारून घ्या. लेकरं घरी ठेवून आलेल्यांनी तर नक्कीच. पाठीमागचं पाणी सारखं बघत राहा. आणि तुमच्यामागून जे कुणी येतील, त्यांनाही एवढं सांगून ठेवा.