डिंकाचं दान

त्या रानात जखम भरून यायची, पण वण वाढत नसे. झाड वाढे, वण होता तेवढाच राही आणि झाडाला आपल्याकडे ओढून घेई.

वणव्यात बाभूळ पोळली आणि तिची पोर शेंगी एका अंगाने भाजली. जगली, पण तिचा वण दोरीसारखा आवळला. बरोबरीची रोपं आभाळाकडे निघाली. शेंगीचा शेंडा दर पावसाळ्यानंतर जमिनीकडे झुकत गेला. सूर्य कसा असतो, हे ती आईला विचारून घ्यायची.

वणावर औषध शोधायचं काम सुतारपक्ष्यांनी घेतलं होतं. पाल्या-मुळ्यांचे लेप ते डिंकात कालवून पाहत, आणि डिंक दानातून यायचा. दानाची पुढारी निलगिरी. ती दरसाल जुनी साल टाकून नवी नेसायची. अंगावर ओरखडा म्हणून नाही. दानाच्या दिवशी ती शेंगीकडे फांदी करी आणि सगळं रान हळहळे. कुणी फुलं टाकी, कुणी पिकली पानं. निलगिरी टाकलेली साल देई, आणि गाजावाजा तिचाच जास्त.

"पानांचं काय भरीत करू?" म्हातारा सुतार एकदा वैतागला. "डिंक पाहिजे, डिंक!"

पण डिंक जखमेतूनच येतो. धडधाकट झाडं लगेच वाऱ्याशी बोलायला लागली.

"मार चोच," बाभूळ म्हणाली.

"बाई, तू आधीच पोळलेली. आणखी वण पडेल."

"पडू दे की! माझं काय आता लग्न ठरायचंय? पोर सरळ उभी राहू दे, बास."

मग दरसाल तेच. बाभळीच्या अंगावर वीतभर जागा धड उरली नाही. शेजारची बोर म्हणे, "अगं, थोडं स्वतःसाठी ठेव." बाभूळ नुसते काटे फेंदारी.

एका उन्हाळ्यात सुतार खाली मान घालून आला.

"लेप साधला, बाई. पण ओल्या जखमेवर लावला तरच वण मऊ राहतो. जुन्या वणाला नाही."

"म्हणजे शेंगीला नाही."

"अजून शोधावं लागेल."

"डिंक लागेल म्हण की सरळ."

त्याच उन्हाळ्यात ठिणगी उडून बोरीची पोर भाजली. लेप मागायला बाभळीकडे बघायचीही बोरीला लाज वाटत होती. शेवटी बाभूळच कडाडली, "बघत काय बसलास मेल्या? लाव तिला!"

बोरीची पोर सरळ वाढली.

पुढच्या दानाला सुताराने बाभळीचं खोड बुंध्यापासून वरपर्यंत ठोकून पाहिलं. सगळं कोरडं. निलगिरीने घसा खाकरला आणि साल टाकली.

तेव्हा खालून आवाज आला. "काका, माझी एक बाजू अजून कोवळी आहे. तिथं मारा."

"गप बस गं!"

"आई, तू देत होतीस तेव्हा मी कधी अडवलं?"

सुताराने बाभळीकडे पाहिलं. तिने हो म्हटलं नाही. लेकीवर धरलेली काटेरी फांदी तेवढी हळूच मागे घेतली.

चोच बसली. शेंगी शहारली. डिंकाचा पहिला थेंब तिच्या वाकल्या खोडावरून ओघळला आणि जमिनीला टेकलेल्या शेंड्यासमोर येऊन लोंबला. शेंगीने त्यात पाहिलं. आत बोरीची पोर उभी होती, ताठ. आणि तिच्या डोक्यावर सूर्य.