मागच्या रांगेतला आवाज

"पण सुरुवात कुठल्या रेकॉर्डिंगपासून करायची, ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत, फादर."

फादर इनास तुस्कानो वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

वसईच्या किनाऱ्याजवळ, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. वय चौऱ्याऐंशी. पन्नास वर्षं त्यांनी चर्चच्या गायकवृंदाला शिकवलं होतं. भिंतीला लागून एक लाकडी कपाट होतं, त्यात ऑपेराच्या, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकांच्या, जुन्या तबकड्या. पाश्चात्त्य संगीतातलं काही अडलं की लोक त्यांच्याकडे येत.

आज आले होते चिंतामणी ठोसर. पाटबंधारे खात्यातले निवृत्त मुख्य अभियंता. दोन धरणं त्यांच्या सहीने उभी राहिली होती. ते ठाण्याहून आले होते आणि त्यांच्या हातात वही होती.

"एकाच ऑपेराच्या सतरा रेकॉर्डिंग्ज आहेत," ते म्हणाले. "गायिका कोण, वाद्यवृंदाचा संचालक कोण, साल कुठलं, सगळं उतरवून काढलंय. प्रत्येकीला गुण दिलेत."

"सतराही ऐकल्यात?"

"एकही नाही. आधी अभ्यास केला."

"अस्सं..."

"या वयात दुय्यम काही ऐकायला वेळ नाही, फादर. जी सर्वोत्तम असेल तीच आधी ऐकायची."

फादरनी हात पुसले. कपाटातून एक तबकडी काढली, फुंकर मारली, लावली.

एक बाई गाऊ लागली. आवाज चढत चढत इतका वर गेला, की ठोसरांची पेन्सिल वहीवर तशीच थांबली. मग त्यांनी भराभर काहीतरी लिहिलं.

गाणं संपलं.

"काय ऐकलंत?" फादरनी विचारलं.

"अप्रतिम! वरचा सूर किती वेळ धरला तिने. मी मोजलं. अकरा सेकंद."

"आणि तिच्या मागे?"

"मागे वाद्यं होती."

"आणखी?"

"आणखी... कोरस होता बहुतेक. घोळक्यातले लोक. गावकरी वगैरे."

"काय गात होते ते?"

ठोसरांनी वही पाहिली. वहीत त्याबद्दल काही नव्हतं.

"ते कोण लक्ष देऊन ऐकतं, फादर?"

एवढं बोलले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

फादरनी तबकडी काढून ठेवली. बाहेर केळीच्या वाडीत पाणी सोडलेलं होतं. त्याचा आवाज तेवढा येत होता.

"माझी मुलगी तिथे उभी असते," ठोसर म्हणाले.

"कुठे?"

"घोळक्यात. जर्मनीत एका लहान शहरात ऑपेराचं थिएटर आहे. तिथल्या कोरसमध्ये गाते. शलाका नाव तिचं."

"किती वर्षं?"

"अकरा. निघाली तेव्हा मी म्हणालो होतो, गायचं तर पुढे उभं राहून गा. मागच्या रांगेत उभं राहायला इतक्या लांब कशाला जायचं?"

"मग?"

"मग काही नाही. ती गेली. रोज फोन यायचा, पण तिच्या आईला. आई असेपर्यंत घरातला फोन वाजायचा... दीड वर्षं झाली तिला जाऊन."

"मुलगी आली होती?"

"आली. तेरा दिवस राहिली. आम्ही बोललो ना... गॅसच्या पुस्तकाबद्दल बोललो. बँकेतल्या नावाबद्दल. विमानतळावर सोडायला गेलो तर म्हणाली, बाबा, औषधं वेळेवर घ्या. मी म्हणालो, हो."

ठोसरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"आता घरात दिवसभर माझ्या चपलांचा आवाज येतो, फादर. दुसरा कुठला येत नाही."



ठोसरांनी पिशवीतून एक सीडी काढली. तिच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

"त्यांच्या थिएटरची आहे. चार वर्षांपूर्वी पाठवली. सोबत एक फोटो आणि चिठ्ठी. 'बाबा, वेळ मिळाला तर.' एवढंच."

"आणि वेळ मिळाला नाही."

"वेळच वेळ आहे! पण म्हटलं, आधी उत्तम तेवढं ऐकावं. कान तयार करावा. मग हे ऐकावं, म्हणजे कळेल..."

"काय कळेल?"

ठोसरांनी सीडी उलटसुलट करून पाहिली.

"ती किती चांगली आहे ते," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे मग तिला तसं सांगता येईल. उगाच आपलं बापाने कौतुक करायचं, त्याला काय अर्थ आहे?"

फादरनी हात पुढे केला. ठोसरांना वाटलं, सीडी मागतायत. पण फादरनी त्यांची वही घेतली, मिटली आणि कपाटात ठेवून दिली. मग टेबलावरचा सीडी प्लेअर पुढे सरकवला.

प्लास्टिक फाडताना ठोसरांची बोटं दोनदा घसरली. फादरनी मदत केली नाही.

वाद्यं सुरू झाली. रेकॉर्डिंग साधंच होतं. मध्येच प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं. एकदा रंगमंचावरची फळी करकरली. मग घोळका गाऊ लागला.

ठोसर पुढे वाकले. आणखी वाकले. शेवटी खुर्चीवरून उठून त्यांनी जमिनीवर गुडघे टेकले आणि स्पीकरला कान लावला.

"पुन्हा लावा."

फादरनी पुन्हा लावलं.

"पुन्हा, फादर."

तिसऱ्यांदा गाणं संपलं तरी ते तसेच बसून होते. ज्या माणसाच्या केबिनमध्ये कंत्राटदार उभे राहत, तो माणूस जमिनीवर होता.

"सापडत नाही," ते म्हणाले. "चाळीस जण आहेत. फोटोत मोजलेत मी. मागची रांग, डावीकडून तिसरी. पण हे सगळं एकच ऐकू येतं. एकाच माणसाचा आवाज असावा तसं."

"हं."

"लहानपणी ती स्वयंपाकघरात गुणगुणायची, तर मला जिन्यात ओळखू यायचं. आणि आज... मुलीचा आवाज बापाला ओळखता येत नाही."

"पन्नास वर्षं मी गायकवृंद शिकवला," फादर म्हणाले. "ज्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला, त्याला मी सांगायचो, बाळा, अजून शिकायचंय तुला."

ठोसरांनी मान वर केली.

"म्हणजे ती..."

फादरनी सीडी प्लेअर बंद केला.

"म्हणजे अकरा वर्षं ती हे करतेय? ऐकू न येणं?"



ठोसर टेबलाला धरून हळूहळू उठले. गुडघ्यांना लागलेली धूळ त्यांनी झटकली नाही. डोळे पुसले, पण लपवले नाहीत.

"मग मी तिला ऐकलं, की नाही ऐकलं, फादर?"

फादरनी घड्याळाकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"जर्मनीत आता सकाळ झाली असेल," ते म्हणाले. "तिला विचारा."