तळ्यावरची दुसरी हाक

तांबडमाळाच्या तळ्याकाठी अकरा दगड आहेत. सात उभे, चार आडवे. परगावचे लोक त्यांना थडगी समजतात. ती थडगी नव्हेत.

असे सांगतात, की फार पूर्वी सलग तीन वर्षे पाऊस पडला नाही आणि साऱ्या माळावर पाणी उरले ते या एका तळ्यात. गावाने भोवती काट्यांचे कुंपण घातले आणि हौसाबाई नावाच्या धनगरणीला राखणीला बसवले. माळावरची जनावरे कुंपणाबाहेर जीभ काढून उभी राहत. तिला ते बघवेना. एके दिवशी तिने काटे बाजूला ओढले. गाव धावून आले, तेव्हा म्हणाली, "त्यांचं माझ्या वाट्यातनं जाऊ द्या." पुढे तिने पाण्याला तोंड लावले नाही आणि पाऊस यायच्या आधीच गेली. जाताना एवढेच मागितले म्हणे, की माझे पाणी प्यायलेल्यांची दरसाल विचारपूस करा.

म्हणून चैत्रात, सकाळच्या वेळी, एकेका जनावराचे नाव पुकारतात. वर्षभरात ज्याने ते स्वतः पाहिले असेल त्याने "भेटलं" म्हणायचे; मग त्या जनावराच्या नावाने उभ्या केलेल्या दगडावर घागरभर पाणी. तीन वर्षे कोणीच बोलले नाही, तर दगड आडवा. माळढोक, तणमोर, गिधाड, तरस असेच आडवे झाले. रानडुकराला दगडच नाही. "त्याला कशाला बोलवायचं? रोज येतंय की भुईमूग खायला," असे ठकूआक्का म्हणायची.

एका वर्षी पुकारायचे काम दिगंबर कोळेकरांकडे होते. शहरात प्राणिशास्त्र शिकवून, निवृत्त होऊन ते गावी परतले होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. लांडगा कोणाला न दिसल्याचे ते तिसरे वर्ष होते. पंधरा दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडे मास्तरांना काहीतरी दिसले होते. राखी, लांब पायांचे. दिसले न दिसले तोच गेले. तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हते. त्यांनी एक शब्द उच्चारला, तर दगड वाचणार होता.

"लांडगा!"

कोणी बोलेना. दोघे जण पहारी घेऊन उठले.

"थांबा," मास्तर म्हणाले. "मी... बहुतेक पाहिलाय."

"बहुतेक?" ठकूआक्का म्हणाली. ऐंशीची म्हातारी, सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. "शेपूट खाली व्हती का वर? खाली असंल तर लांडगा, वर असंल तर सरपंचाचं कुत्रं."

लोक हसले. मास्तरांनी डोळे मिटून तो ओढा पुन्हा आठवला.

"शेपटीकडे लक्षच गेलं नाही, आक्का. नक्की नाही सांगता येणार."

"एवढं शिकून शेपूट न्हाय बगितली!"

"नाही बघितली."

म्हातारीने हातातली काठी माळाकडे केली. "मग आमास्नी काय इचारताय, मास्तर? त्यालाच इचारा की."

मास्तर गावाकडे पाठ करून माळाकडे वळले. आपण पळवाट तर शोधत नाही ना, असे त्यांच्या मनात आले. तरी त्यांनी हाक मारली. माळावर नुसता वारा होता. पहारवाले पुढे सरले, तशी ठकूआक्का ओरडली, "अरं, लांब असंल त्यो! जाब यायला येळ लागंल. तंवर धोंडा निजवायचा न्हाय."

आजही प्रत्येक नाव आधी गावाला विचारतात आणि कोणी बोलले नाही, तर माळाकडे तोंड करून दुसरी हाक देतात. त्या वर्षापासून एकही दगड आडवा झालेला नाही. लांडग्याचा मात्र कोरडाच उभा आहे. त्याची हाक मारून झाली, की लोक लगेच पांगत नाहीत. माळाकडे कान देऊन उभे राहतात.