बारावी खुर्ची

या गोष्टीचा शेवट आधीच सांगून दाखवा. ज्याला जमेल त्याला माझी मिशी कापून देतो. मोठ्यांनीपण डोकं लावा, मोबाईलात तोंड घालून बसू नका.

तर खाडीकाठच्या एका गावात एक केळीवाला होता. जन्मभर अनवाणी. टाचा अशा फुटलेल्या की मुंगीनं आत बिऱ्हाड करावं. त्या गावच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुवायचे. येशूनं शिष्यांचे धुतले होते ना, तसे. यंदा बाराव्या खुर्चीवर केळीवाल्याचं नाव आलं.

झालं, याची झोप उडाली. देव आपल्या पायाला हात लावणार! मग काय, दगडानं टाचा घास, लिंबू चोळ, खोबरेल लाव.

बायको म्हणाली, "अहो, फादर धुणारच आहेत ना? मग धुतलेले कशाला नेता?"

"तुला काय कळतं? देवापुढं घाण पाय न्यायचे?"

गुरुवारी संध्याकाळी पठ्ठ्या नवे बूट-मोजे घालून निघाला. खाडीशी हाक आली, "पोरा, इकडं ये रे."

खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलेली म्हातारी चिखलात रुतलेली. एक पाय खडकाच्या फटीत अडकलेला, आणि भरती चढतेय.

"मावशी, दम धर. कुणालातरी पाठवतो."

"तू आहेस की. हात दे नुसता."

हा एक पाऊल पुढं गेला. चिखल बघून मागं आला. परत पुढं, परत मागं. तेवढ्यात चर्चची घंटा झाली.

"आलोच माणूस घेऊन," म्हणाला आणि पळाला.

चर्चमध्ये सगळे उभं राहून गात होते. सांगायचं कुणाला? उठून गेलं तर खुर्चीवर दुसराच बसेल. पाय धुवून झाले की सांगू, असं मनाशी म्हणत बसला. फादरनी पाणी ओतलं. परातीत पडलेलं पाणी होतं तसंच नितळ. फादरनी पाय पुसले, मुका घेतला. हा दाराकडं बघत होता. देवाचा हात लागला की नाही, याला कळलंच नाही.

म्हातारीला परतणाऱ्या होडीवाल्यांनी ओढून काढलं. तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं. जीव वाचला, पण कालवांच्या धारदार कडांनी चिरलेला पाय सडला आणि गुडघ्यातून कापावा लागला.

फादर तिला घरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला गेले. मेणबत्ती धरून सोबत कोण? आपला केळीवालाच.

फादरनी विचारलं, "बाय, त्या वाटेनं कुणीच गेलं नाही का गं?"

म्हातारीनं मेणबत्तीकडं बघितलं. मेणबत्ती हलत होती.

"माणूस म्हणावं असं कुणी नाही, फादर."

तात्पर्य काढायचंच तर एवढं काढा: चर्चात शिरायच्या आधी वाटेतली हाक ऐकावी. नाहीतर पाय एकाचे धुतले जातात, आणि पाय जातो दुसऱ्याचा.